‘एके दिवशी’ कितव्या पानावर यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या, एका कोकणी कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर तुम्ही कादंबरी लिहिली आहे. तिचा गाभा १९८२चा गिरणी संप आहे आणि तो संप हस्तलिखिताच्या ७२व्या पानावर सुरू होतो. त्याआधीच्या पानांत आजोबांचे मुंबईला येणे, चाळ, खानावळ, गिरणीतली खाती, गाळा, म्हणजे एका गावच्या कामगारांनी मिळून राहायची खोली, आणि भजनी मंडळ हे सर्व आलेले आहे. हस्तलिखित वाचणाऱ्या दोघांनी ‘सुरुवात फार संथ आहे’ असे सांगितले, एकाने संपातल्या लाठीमाराच्या प्रसंगापासूनच सुरुवात करण्याचा सल्ला दिला, आणि आता तुम्हाला हे जाणून घ्यायचे आहे की कादंबरीची मांडणी किती पानांत आटोपावी यासाठी काही प्रमाण आहे का.

असे प्रमाण नाही, आणि ते शोधण्यात तुम्ही वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गेली चोवीस वर्षे मी कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचण्याचे आणि त्यांच्या लेखकांसोबत बसून ती पुन्हा बांधण्याचे काम करते आहे. या काळात बाराव्या पानावर मिटून ठेवावीशी वाटलेली हस्तलिखिते मी पाहिली आहेत, आणि शंभर पाने झाली तरी मुख्य घटना घडलेली नाही हे ज्यांच्या बाबतीत माझ्या ध्यानातही आले नाही अशीही पाहिली आहेत. तुमच्या हस्तलिखिताची पहिली चार प्रकरणे मी दोनदा वाचली. ती संथ आहेत हे तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे, पण त्याचे कारण ७२ हा आकडा नाही. वाचकाला अजून न पडलेल्या प्रश्नांची उत्तरे ही पाने देत राहतात, हे त्याचे कारण आहे. गाळा म्हणजे काय, बदली कामगार कोणाला म्हणत, विणकामाचे साचेखाते आणि सूतकताईचे त्रासन खाते यांत फरक काय, हे सारे तुम्ही मन लावून, अभ्यासाने आणि मायेने लिहिले आहे. परंतु ते जाणून घ्यायची गरज ज्या माणसामुळे निर्माण व्हावी, तो माणूस अजून आपल्यासमोर उभा राहिलेला नाही.

वाचनाचा वेग आणि घटनांचा वेग या दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत केली जाते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’त ॲना प्रत्यक्ष दिसते ती पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात, मॉस्कोच्या रेल्वे स्थानकावर. जिच्या नावाची कादंबरी आहे ती व्यक्ती सतरा प्रकरणे गैरहजर आहे, तरीही वाचकाला ताटकळल्यासारखे वाटत नाही. कारण पहिल्याच पानावर तिच्या भावाचे घर मोडायला आलेले आहे, बायकोला नवऱ्याचे दुसरे संबंध कळलेले आहेत, मुले घरभर सैरावैरा फिरत आहेत, आणि लगेच दुसऱ्या प्रकरणात तार येते की बहीण उद्या येते आहे. त्या एका तारेने ॲनाच्या येण्याला प्रयोजन मिळते, कारण ती येईल आणि भांडण मिटवील अशी आशा एका घराला लागलेली असते. त्यानंतर टॉलस्टॉय लेव्हिन या दुसऱ्या मुख्य पात्राला आणतो, कचेरी दाखवतो, बर्फावर स्केटिंग दाखवतो, लांबलचक जेवण वाढतो, आणि आपण ते सर्व वाचतो; कारण तार आलेली आहे.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण उंबेर्तो एकोचे आहे. त्याच्या ‘द नेम ऑफ द रोज’ या १९८०च्या कादंबरीची पहिली शंभर पाने जड आहेत, ती कमी करावीत, असे त्याला हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनी आणि संपादकांनी सुचवले होते. त्याने ते मानले नाही. ज्याला त्या मठात शिरून सात दिवस राहायचे आहे त्याने मठाची चाल स्वीकारलीच पाहिजे, अशी त्याची भूमिका होती, आणि ती पाने म्हणजे वाचकाने करायचे एक प्रकारचे प्रायश्चित्त आहे असे त्याने पुढे लिहिले. संथ सुरुवातीच्या समर्थनार्थ हे उदाहरण लेखक माझ्यासमोर अनेकदा ठेवतात. मी त्यांना एवढेच दाखवते की मठात एका भिक्षूचा मृत्यू झालेला आहे आणि त्याचा छडा लावायचा आहे, हे त्या कादंबरीत पहिल्याच दिवशी कळते. एकोने वाचकाला सावकाश चालवले आहे, पण कोठे जायचे हे सांगून चालवले आहे.

आता तुमच्या पानांकडे येते, आणि येथे मला जरा थांबायचे आहे, कारण जो दोष मला तुमच्या लेखनात दिसला तो मराठी कादंबरीच्या आरंभी इतक्या वेळा दिसतो की त्याचे मूळ मी आता आपल्या भाषेच्या एका सोयीत शोधू लागले आहे. ती सोय म्हणजे रीतिभूतकाळ, नेहमी घडत असलेले सांगणारा भूतकाळ. ‘बाबा पहाटे चारला उठत. स्टोव्हवर पाणी ठेवत. भोंगा होण्याआधी जिना उतरून गिरणीच्या वाटेला लागत. संध्याकाळी गाळ्यावर भजन होई. शनिवारी खानावळीत मटण मिळे.’ उठत, ठेवत, लागत, होई, मिळे. या क्रियापदांना फार गोड लय असते, आणि आठवणी सांगणारा मराठी माणूस आपोआप त्या लयीत शिरतो, कारण आपल्या आज्या आणि आत्या याच क्रियापदांत बोलत आल्या आहेत. परंतु या रूपात काळ पुढे सरकत नाही. ‘उठत’ म्हणजे हजार पहाटा एकावर एक ठेवलेल्या, आणि त्यांतली एकही वाचकाच्या डोळ्यांसमोर उजाडत नाही. तुमची पहिली दोन प्रकरणे पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक ‘असे’, ‘होई’, ‘जात’, ‘येत’ खाली रेघ ओढा. मी ओढून पाहिली आहे. साधा भूतकाळ, म्हणजे कोणीतरी एकदाच काहीतरी केले असे सांगणारा, आजोबांच्या येण्याची पहिली नऊ पाने सोडली तर पहिल्यांदा ठामपणे येतो तो ४१व्या पानावर, आणि तेथे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, ‘एके दिवशी’. तुमची कादंबरी त्या शब्दांपासून सुरू होते. तोवर वाचक प्रस्तावना वाचत असतो, जरी तिला पहिले प्रकरण असे नाव दिलेले असले तरी.

यावर उपाय म्हणून चाळीस पाने कापून टाका असे मी म्हणणार नाही. कापल्याने रोजच्या जगण्याचा जो पोत तुम्ही उभा केला आहे तो जाईल, आणि संपाने नेमके काय मोडले हे मग वाचकाला समजणार नाही. रीत दाखवायचीच आहे, पण ती मोडली त्या दिवशी दाखवा. वरच्याच मजकुराची ही दुसरी मांडणी पाहा: ‘भोंगा झाला तेव्हा बाबा अजून जिन्यावरच बसले होते. समोरच्या खोलीतल्या मावशींनी दार किलकिले करून पाहिले आणि पुन्हा लावले. वरच्या मजल्यावरून उतरणारा पहिल्या पाळीचा माणूस थांबला, बाबांच्या हातातल्या डब्याकडे पाहिले, आणि काही न बोलता बाजूने निघून गेला.’ यात बाबा रोज भोंग्याच्या आधी निघतात हे कोठेही सांगितलेले नाही, तरी ते कळते. चाळीत सगळ्यांना एकमेकांच्या वेळा पाठ आहेत हे कळते, पाळ्या आहेत हे कळते. शिवाय, आज काय झाले, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. अपवादाच्या पोटात रीत मावते. रीतीच्या पोटात अपवाद मावत नाही. म्हणून आरंभीच्या प्रकरणांत माहिती देण्यासाठी अपवादाचा दिवस निवडावा, हा माझ्या कामातला सर्वांत उपयोगी पडलेला नियम आहे, आणि नियम हा शब्द मी क्वचितच वापरते.

असा दिवस तुमच्या विषयात शोधावा लागत नाही, कारण इतिहासाने तो दिलेलाच आहे. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून वाद पेटला, काही गिरण्यांत काम बंद पडले, कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले, आणि १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. दिवाळी ते जानेवारी हे जवळजवळ तीन महिने म्हणजे तुमची मांडणी आहे. ते तुमच्या हस्तलिखितात अवघ्या पाच पानांत आटोपले आहेत, आणि १९३५पासून १९८१पर्यंतच्या काळाला ६७ पाने मिळाली आहेत. हे प्रमाण उलटे व्हायला हवे. बोनसची रक्कम घरी कळली ती संध्याकाळ, ज्यांच्या गिरणीत काम सुरू आहे आणि ज्यांच्या गिरणीत बंद आहे अशा दोन भावांनी एकाच खोलीत साजरी केलेली दिवाळी, बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल या आशेने, रोज फाटकावर उभा राहणारा धाकटा मुलगा, आणि ‘आता कायमचे व्हायची पाळी आली तर हे काय सुरू झाले’ ही त्याची भीती, यांतल्या प्रत्येक प्रसंगात चाळ, खाती, पाळ्या, गाळा हे सर्व आपोआप येईल, कारण माणसे त्यांतूनच ये-जा करणार आहेत.

तुमच्या वाचकाजवळ एक गोष्ट आधीपासूनच आहे आणि तिचा तुम्ही अजिबात उपयोग केलेला नाही. मराठी वाचकाला हा संप माहीत आहे. त्याचे पुढे काय झाले, गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, हे त्याने लोअर परळला उतरून डोळ्यांनी पाहिलेले आहे. अशा विषयात ‘संप होणार का’ हे रहस्य म्हणून ७२ पाने राखून ठेवणे व्यर्थ आहे. त्याऐवजी पहिल्याच प्रकरणाच्या शीर्षस्थानी साधी तारीख घाला, ‘ऑक्टोबर १९८१’. एवढ्याने वाचकाच्या मनात एक घड्याळ सुरू होईल. मग तुम्ही मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी दाखवलीत, त्यासाठी पतपेढीतून काढलेले कर्ज दाखवलेत, मे महिन्यात गावी घराचे छप्पर शाकारायचा बेत दाखवलात, तर ती सगळी शांत पाने आतून ताणलेली राहतील, कारण त्या माणसांना जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक आहे. हप्ते जानेवारीनंतरही भरायचे आहेत, हे वाक्य तुम्ही लिहायचीही गरज नाही. ऐतिहासिक विषय घेणाऱ्या लेखकाला मिळणारा हा मोठा लाभ आहे, आणि आरंभाची गती सांभाळताना तो आधी वापरावा.

कायद्याच्या माहितीचे मात्र काय करायचे, हा प्रश्न तुम्ही वेगळा विचारला आहे. १९व्या पानावर तुम्ही १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा समजावून दिला आहे: एका भागातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक म्हणून मान्यता, ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, आणि म्हणून कामगारांना हवे असलेल्या नेत्याशी वाटाघाटी करायला व्यवस्था तयार नाही. ही माहिती अत्यावश्यक आहे. तिच्याशिवाय संपाचा अर्थच लागत नाही. तरीही ती १९व्या पानावर मृत आहे. ती तेथे जिवंत होईल जेथे धाकटा मुलगा रागाने विचारील, ‘आम्हांला नको असलेली युनियन आमच्या वतीने सही करतेच कशी?’ आणि खानावळीत शेजारी जेवायला बसलेला कोणी जुना कामगार, घास खाली ठेवून, दोन वाक्यांत उत्तर देईल. त्या वेळी वाचकही त्या मुलाइतकाच चिडलेला असेल आणि कायद्याचे कलमसुद्धा उत्सुकतेने ऐकेल. मी लेखकांना नेहमी सांगते की माहितीला मागणी येईपर्यंत ती दुकानात मागे ठेवावी, दर्शनी फळीवर मांडू नये.

लाठीमारापासून सुरुवात करण्याच्या सल्ल्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते सौम्य करून सांगणे मला योग्य वाटत नाही. हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. पहिल्या पानावर रक्त सांडले म्हणजे वाचक पकडला गेला, अशी समजूत त्यामागे आहे. पण पहिल्या पानावर ज्याचे डोके फुटते तो कोण आहे हे वाचकाला माहीत नसते, आणि अनोळखी माणसाच्या वेदनेने वाचक दचकतो, गुंतत नाही. त्याहून मोठी अडचण पुढच्या प्रकरणात येते. लाठीमारानंतर तुम्हाला ‘त्याआधी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी’ असे म्हणून मागे जावेच लागेल, आणि मग तीच ७२ पाने, त्याच रीतिभूतकाळासह, तेथे तशीच उभी असतील. फरक इतकाच की आता वाचकाला आपली गाडी मागे वळवल्याचा राग आलेला असेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात पहिल्या तीन पानांत एक आत्महत्या होती आणि नंतर नव्वद पाने तिच्या आधीच्या वीस वर्षांची. मी लेखिकेला विनंती केली की ती तीन पाने तात्पुरती बाजूला ठेवून उरलेली नव्वद वाचून पाहावीत. आठवडाभराने तिने स्वतःच कळवले की त्या नव्वद पानांना स्वतःचे बळच नव्हते. ती सर्व त्या तीन पानांच्या उसन्या ताणावर उभी होती. आम्ही ती पुन्हा बांधली, आणि शेवटी त्या उपोद्घाताची गरजच उरली नाही.

पात्रांच्या गर्दीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती तुलनेने सोपी बाब आहे. चाळीच्या पहिल्या चार पानांतच तुम्ही अकरा माणसांची नावे, गावे आणि खाती सांगितली आहेत. चाळीवर लिहिणाऱ्याला हा मोह होतोच, कारण दारे उघडीच असतात. परंतु वाचक एका प्रकरणात तीन-चार नवी माणसे मनात धरू शकतो, आणि तीही जर त्यांनी काही केले तर. येथे आपल्या भाषेची मदत घ्या, कारण मराठीत माणसे एकमेकांना ज्या नावाने आणि ज्या सर्वनामाने हाक मारतात त्यातच निम्मा परिचय असतो. मुकादमाशी बोलताना बाबा ‘तुम्ही’ म्हणतात आणि मुकादम वयाने लहान असून ‘तू’ म्हणतो, एवढ्याने गिरणीची उतरंड कळते. सासूला ‘आये’ म्हणणारी सून आणि ‘आई’ म्हणणारी दुसरी सून यांत त्यांची माहेरे दिसतात. खोलीत मालवणीत ‘खंय गेल्लंस?’ विचारणारे बाबा फाटकावर साताऱ्याच्या सोबत्याशी बोलताना वेगळी बोली बोलू लागतात, तेव्हा गिरणगावात कोकण आणि घाट शेजारी राहत होते हे सांगणारा परिच्छेद अनावश्यक ठरतो. तुमचे संवाद आता सगळे एकाच प्रमाण मराठीत आहेत. ते जर बोलीत नेलेत तर मला वाटते आठ-दहा पानांची पार्श्वभूमी आपोआप गळून पडेल, आणि कोणाला तिची उणीव भासणार नाही.

दोन मराठी कादंबऱ्यांचे आरंभ तुम्ही पुन्हा वाचावेत असे सुचवते, अनुकरणासाठी नव्हे, तर गतीच्या दोन अगदी निराळ्या रीती कशा चालतात हे पाहण्यासाठी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची आहे. तीत माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर शिक्षक म्हणून नेमलेला कोवळा तरुण पायी त्या वाडीकडे निघतो आणि आपणही त्याच्यासोबत निघतो. वाडी, तिची माणसे, तिचा कारभारी, बंद पडलेली शाळा, हे सर्व त्याला जसजसे कळते तसतसेच आपल्याला कळते, त्याच्या आधी एक ओळही नाही. परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा हा लाभ असतो: जे त्याला ठाऊक नाही ते विचारण्याचा त्याला हक्क असतो, आणि म्हणून माहिती हीच घटना बनते. तुमच्या कादंबरीत असा परका माणूस आहे, पण तुम्ही त्याला वाया घालवला आहे. मोठ्या सुनेचे लग्न १९८१च्या मे महिन्यात झाल्याचा उल्लेख तुम्ही ५८व्या पानावर ओझरता केला आहे. ती गावाहून आली आहे, तिला भोंग्यांचे आवाज वेगवेगळे ओळखता येत नाहीत, नळाची वेळ ठाऊक नाही, दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असताना भांडी कशी घासायची हे तिला शिकावे लागते आहे. तुमच्या पहिल्या चाळीस पानांतला अर्धा मजकूर तिच्या पहिल्या दिवाळीत सहज बसेल.

दुसरी भालचंद्र नेमाडे यांची १९६३ची ‘कोसला’. तेथे निवेदक पहिल्याच ओळींत आपले नाव आणि वय सांगतो, आणि ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ हे शब्द अशा ठिकाणी घालतो जेथे ते कोणी घालणार नाही. घटना काहीच घडत नाही. तरीही वाचक अडकतो, कारण असे बोलणारा हा माणूस कोण, आणि त्याला असे बोलावेसे का वाटते, हा प्रश्न त्या दोन शब्दांनीच निर्माण केलेला असतो. ज्या कादंबरीत आवाज हाच आधार असतो तिला रीतिभूतकाळसुद्धा मानवतो, कारण तेथे काळ निवेदकाच्या बोलण्यात पुढे सरकत असतो. तुमचा निवेदक मात्र तृतीयपुरुषी, संयत आणि जवळजवळ अदृश्य आहे. ती निवड मला आवडली, आणि ती बदलू नका. पण अशा निवेदकाला आवाजाचा आधार नसल्यामुळे प्रसंगांचा आधार अधिक लागतो, एवढे लक्षात ठेवावे.

येथे ओघात एक जुनी गोष्ट सांगते. हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. वाचकाला पुढच्या अंकासाठी थांबावे लागत असे, मागचा अंक हाताशी असेलच याची खात्री नसे, म्हणून जे आज छापले ते आजच पुरते पडले पाहिजे ही शिस्त त्या लेखनाला आपोआप लागली. पुस्तकासाठी लिहिणाऱ्यांची ती शिस्त गेली, कारण ‘पुढे येईलच’ असे स्वतःला सांगता येते. तुमचे पहिले प्रकरण अशा व्यक्तीला द्या जिला दुसरे प्रकरण सात दिवसांनी मिळणार आहे, आणि सात दिवसांनी तिला फक्त एवढेच विचारा की तिला कोणाची काळजी वाटते आहे. ‘आवडले का’ असे विचारू नका. ओळखीची माणसे त्या प्रश्नाला खरे उत्तर देत नाहीत.

प्रत्यक्ष पुनर्लेखन कसे करावे याविषयी माझी पद्धत अशी आहे. हस्तलिखिताची कागदावर प्रत काढा, डावीकडे रुंद समास ठेवा, आणि प्रत्येक परिच्छेदासमोर तो परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न लिहा. मग त्या प्रश्नाला दुसऱ्या रंगाची खूण करा जर तो आधीच्या पानांत कोठे तरी खरोखर निर्माण झालेला असेल. तुमच्या पहिल्या चार प्रकरणांत बहुतेक परिच्छेदांना खूण मिळणार नाही. ते परिच्छेद फाडू नका, खोडूही नका; वेगळ्या फाइलमध्ये, त्यांच्या प्रश्नासह, ठेवून द्या. नंतर संपाच्या प्रकरणांतून चालत जा, आणि तो प्रश्न जेथे उभा राहील तेथे त्याचे उत्तर परत आणा. परत येताना तीन पानांचा मजकूर अर्ध्या पानाचा होतो असा माझा अनुभव आहे, कारण तोवर वाचकाला चाळीचा वास आणि माणसांचे स्वभाव माहीत झालेले असतात आणि लेखकाला पहिल्यापासून सांगावे लागत नाही. काही परिच्छेद त्या फाइलमध्येच राहतील. ते तुम्हाला लिहावे लागले, कारण त्यांच्याशिवाय तुम्हाला ती माणसे कळली नसती. वाचकाला ती त्यांच्याशिवाय कळतील.

एका मजकुराबद्दल मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. तुमची पहिली नऊ पाने, म्हणजे आजोबा पंधराव्या वर्षी आगबोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरतात, अंगावर एकच सदरा, गाठोड्यात कुळथाचे पीठ, आणि ज्याने न्यायला यायचे तो गाववाला आलेलाच नसतो, तो प्रसंग, ही तुमच्या संपूर्ण हस्तलिखितातली सर्वांत सुंदर पाने आहेत. ती ‘सुरुवात’ म्हणून लिहिली गेली, त्यामुळे ती सुरुवातीलाच असली पाहिजेत असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या जागी वाचक त्यांना सुंदर वर्णन म्हणून वाचून पुढे जातो. संप लांबला तेव्हा असंख्य कामगार कुटुंबांसह गावी परतले, आणि तुमच्या कादंबरीतही धाकटा मुलगा जून १९८२मध्ये, खोलीची किल्ली शेजारी देऊन, एस.टी.ने गावी जातो. २०४थ्या पानावर तो घराच्या पडवीत बसलेला आहे, पाऊस लागलेला आहे, आणि म्हातारे आजोबा त्याला काही विचारत नाहीत. तेथे आज तुमच्याकडे दोन ओळींची शांतता आहे आणि मग प्रकरण संपते.

ती नऊ पाने तेथे न्या. आजोबांना ती स्वतः सांगू द्या, मालवणीत, त्यांना जशी आठवतील तशी, तुटक. मुंबईत कोणी न्यायला आले नाही तो दिवस ते आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगत असतील, आणि ऐकणारा नुकताच त्याच मुंबईतून रिकाम्या हाताने परत आलेला असेल. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मग जागा मोकळी होईल. तेथे बाबांना जिन्यावर बसवून पाहा, भोंगा होऊ द्या, आणि ते का उठत नाहीत हे निदान तीन पाने कोणाला कळू देऊ नका. एवढे पहिले प्रकरण नव्याने लिहून झाले की मला पाठवा. बाकीच्या प्रकरणांना तोवर हात लावू नये.